ऑटोमॅटिक गेअरबॉक्सच्या तेलपट्टीची कुळकथा

मोटारीच्या ऑटोमॅटिक गेअरबॉक्समधले तेल बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात. इंजिनाच्या तेलाची रीत नेमकी उलटी: गाडी बंद करायची, तेल खाली उतरू द्यायचे आणि मग पट्टी ओढायची. या उलटेपणाचे मूळ जहाजांत आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली एका नव्या यंत्रणेचे पेटंट घेतले. टर्बाइनची शक्ती दातेरी चाकांऐवजी द्रवाच्या फिरत्या प्रवाहातून पुढे न्यायची, ही त्यामागची कल्पना. मोटारीत ती आली आणि तेल हे नुसते वंगण उरले नाही.

हाताने गेअर टाकायच्या गाडीत तेल मोजण्याचा प्रकार साधा होता, आजही आहे. गाडीखाली शिरून गेअरबॉक्सच्या कुशीतला प्लग उघडायचा आणि भोकात बोट घालायचे; काठाशी तेल लागले की काम झाले. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक गेअरबॉक्स आणला. त्यात तेलच शक्ती वाहून नेते, तेलाच्याच दाबावर क्लच आवळले जातात आणि उष्णताही तेलच बाहेर काढते. पातळी उतरली तर पंप हवा ओढतो, क्लच घसरतात. जास्त झाली तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात आणि दाब पुन्हा पडतोच. अशा ठिकाणी बोटाचा अंदाज पुरत नाही; खुणांची पट्टी हवी. सुरुवातीला ती होती मात्र पुढच्या सीटसमोर, पायाखाली. चटई उचलायची, झाकण काढायचे, तेव्हा पट्टी हाती लागे. पुढच्या गाड्यांत लांब नळी बसवून ती बॉनेटखाली आणली गेली.

इंजिन चालू का, याचे उत्तर फ्योटिंगरच्या कल्पनेतच आहे. इंजिन थांबले की द्रवातून शक्ती पुढे नेणाऱ्या भागातले, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू खालच्या तबकात उतरते आणि पट्टी आहे त्यापेक्षा जास्त तेल दाखवते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, ब्रेक दाबून, लिव्हर सगळ्या गेअरमधून फिरवून पार्कमध्ये आणायचा आणि मग पट्टी पुसून पुन्हा बुडवायची. तेल तापल्यावर फुगते, म्हणून पट्टीवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा. कंपन्यांची घराणी इथेही वेगळी: क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये लिव्हर न्यूट्रलला ठेवतात, तर होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत मोजतात.

पट्टी केवळ उंची सांगत नव्हती. इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखू यावे म्हणून या तेलाला लाल रंग देण्यात आला. तो तपकिरी झाला आणि जळका वास आला, की मेकॅनिकला पुढचे कळे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ठरवून दिलेल्या ‘टाइप ए’ तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळलेले असे. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर १९७० च्या दशकात पर्याय शोधावा लागला.

१९९० च्या दशकात पट्टी नाहीशी होऊ लागली. मर्सिडीजच्या काही गाड्यांत नळी राहिली, पण तिच्या तोंडाला मोडल्याशिवाय न निघणारे बूच. पट्टी फक्त वर्कशॉपमध्ये. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमधल्या झेडएफ कंपनीच्या सहा गेअरच्या बॉक्सला नळीच नाही. इंजिन चालू, तेल ३० ते ५० अंश सेल्सियसच्या दरम्यान आणि कुशीतला प्लग उघडा. भोकातून तेल पाझरू लागले की पातळी बरोबर. म्हणजे गाडी फिरून पुन्हा गाडीखालच्या भोकाशीच आली, फक्त बोटाच्या जागी तापमापक आला. मोटार कंपन्या या तेलाला आयुष्यभराचे म्हणत आल्या. गेअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते.