माळ्यावरची थंडी

माळा म्हटला की आपल्या कोकणपट्टीतील जुने कौलारू घर डोळ्यांपुढे येते. खाली चूल धुमसते, धूर वासे-रिपांमधून वाट काढीत बाहेर पडतो आणि त्याच उबेत माळ्यावरचे धान्य कोरडे राहते. इंग्लंडमधील जुन्या घरांच्या माळ्याची कथाही अशी विस्तवापासूनच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे पसरली, तसा वेल्सच्या खाणींतील पाटीचा दगड इंग्लंडच्या शहराशहरांत पोहोचला आणि कामगारांच्या घरांच्या लांबच लांब ओळींवर त्याची छपरे चढली. या दगडाखाली बहुधा कसलेही अस्तर नसे. वारा आत शिरे, माळ्यावर फिरे आणि निघून जाई. खोलीतील कोळशाची शेगडी दमट हवा धुराड्यावाटे ओढून नेई. ऊब वाया जाई हे खरे. पण लाकूड कोरडे राही. त्या काळचे वासे शंभर वर्षे टिकले, त्यात या उधळपट्टीचा वाटा मोठा आहे.

पुढे काळ पालटला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके उतरले व हजारो माणसे दगावली. १९५६ च्या कायद्याने शहरांतील धुरावर बंधने आली. हळूहळू शेगड्या विझल्या, धुराडी बुजली आणि नळांतून गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवण्याची सोय आली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. १९७४ च्या आरंभी तर ब्रिटनमधील बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरता येत होती. ऊब जपणे ही आता राष्ट्रीय गरज झाली. १९७८ मध्ये कायदा करून माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यासाठी घरमालकांना अनुदान देण्यात आले. तुळयांच्या मधल्या जागेत काचतंतूंच्या गाद्या पसरल्या गेल्या. इंधन वाचले, वृद्धांच्या खोल्या उबदार झाल्या. हे लहान काम नव्हे.

पण घराचा एक नियम अनेकांच्या ध्यानात आला नाही: खालची ऊब खालीच अडवली की माळा पूर्वीपेक्षा थंड होतो. स्वयंपाकाची व न्हाणीघराची वाफ छताच्या फटींतून वर जाते, थंड छपराला लागून तिचे पाणी होते आणि ते वाशांत मुरते. वळचणीच्या फटीतून वारा खेळता असेल तर हे पाणी सुकून जाते. परंतु ऊब राखण्याच्या हौसेने काहींनी ती फटही गादी कोंबून बुजवली. कोळशाच्या काळात तगलेले लाकूड अशा घरांत बुरशीने काळे पडू लागले.

दुसरी चूक अडगळीची. जुन्या घरांतील छताच्या तुळया जेमतेम ७५ ते १०० मिलिमीटर उंचीच्या असतात. त्या छत पेलण्यासाठी आहेत, पेट्या आणि पुस्तके पेलण्यासाठी नव्हेत. आज तेथे काचतंतूंचा सुमारे २७० मिलिमीटर जाडीचा थर सुचवला जातो. तुळयांवरच फळ्या ठोकल्या की हा थर दबतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब राखण्याचे त्याचे सामर्थ्यच घटते. म्हणून जाणते सुतार आधी तुळयांचा जोर पाहतात, तक्तपोशी आधार देऊन उंच उचलतात आणि गादी व फळी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राखतात.

हा इतिहास आम्हांला आपल्यासाठीही मोलाचा वाटतो. आपल्याकडे चूल गेली, गॅस आला. कौलांखाली नवे छतही लागले. धुराने कोरडे राहणारे लाकूड आता कशाने कोरडे राहील, हा प्रश्न आपण विचारला आहे काय? जुन्या घरातील फट बुजवण्याआधी ती पूर्वजांनी का ठेवली, हे एकदा समजून घ्यावे. तो निष्काळजीपणा असेलच असे नाही. त्या फटीतून घर श्वासही घेत असेल.