फूड प्लॉट

फूड प्लॉट म्हणजे वन्य प्राण्यांना, विशेषतः हरणांना, चरण्यासाठी मुद्दाम पेरलेला आणि कापणी न करता उभा ठेवलेला पिकाचा लहान तुकडा होय. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेतील खासगी शिकारक्षेत्रांवर रूढ आहे. तेथे ही लागवड मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी (शास्त्रीय नाव: ओडोकोइलियस व्हर्जिनियानस) केली जाते. मिसूरी व आर्कान्सा या राज्यांत पसरलेले ओझार्क पठार हे खडकाळ जमिनीवरील अशा लागवडीचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील अनिर्बंध शिकार व जंगलतोड यांमुळे या हरणांची संख्या विसाव्या शतकाच्या आरंभी अत्यंत घटली होती. शिकारीवरील निर्बंध, हरणांचे पुनर्वसन आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांमुळे ती सावरली. या कायद्यान्वये बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी दिले जाते. मिसूरीतील बहुतांश जमीन खासगी मालकीची असल्याने हरणांच्या अधिवासाची निगा बऱ्याच अंशी जमीनमालकांवर अवलंबून असते.

जमिनीचे स्वरूप

ओझार्कमधील चुनखडक व डोलोमाइट झिजून गेले, तरी त्यांतील चर्ट या गारगोटीसारख्या कठीण खडकाचे तुकडे मातीत शिल्लक राहतात. खाली चुनखडक असूनही वरची माती बहुधा आम्लधर्मी असते, कारण तिच्यातील चुना दीर्घकाळच्या पावसाने धुपून गेलेला असतो. मातीचा थर पातळ असल्याने ती उन्हाळ्यात लवकर कोरडी पडते. अशा जमिनीत नांगराचा फाळ अडतो आणि खोल नांगरटीने आणखी दगड वर येतात. उतारावर मातीची धूपही होते.

लागवडीची पद्धत

प्रथम माती परीक्षण करून त्यानुसार चुनखडीची पूड टाकतात. क्लोव्हरसारख्या पिकांसाठी मातीचा सामू साधारणतः ६ ते ७ असावा लागतो. चुन्याचा परिणाम होण्यास काही महिने लागत असल्याने हे काम पेरणीच्या बरेच आधी करणे श्रेयस्कर असते.

नांगरणीऐवजी तण काढून किंवा तणनाशक वापरून बी पृष्ठभागावर फोकून पेरतात आणि रूळ फिरवून मातीत दाबतात. क्लोव्हरचे बी सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा खोल गेल्यास नीट उगवत नाही. त्यामुळे उथळ मातीतही हे पीक घेता येते. हिवाळ्याच्या अखेरीस रात्री गोठणाऱ्या व दिवसा वितळणाऱ्या जमिनीला बारीक भेगा पडतात. त्या काळात फोकलेले बी या भेगांत आपोआप रुजते.

पिके

पांढरे क्लोव्हर हे बहुवर्षायू द्विदल पीक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणूसंवर्धक चोळतात. चिकोरीची मुळे खोल जात असल्याने ती कोरड्या काळात तग धरते. शरद ऋतूतील चाऱ्यासाठी गहू, ओट व राय, तर उन्हाळ्यात अल्पमुदतीचे बकव्हीट पेरतात. पिकात तारेच्या जाळीचा लहान पिंजरा ठेवल्यास आतील व बाहेरील वाढीची तुलना करून हरणांनी किती चारा खाल्ला, हे समजते.

मर्यादा व आक्षेप

फूड प्लॉट हा नैसर्गिक चाऱ्याचा पर्याय नसून केवळ पूरक आहे. हरणांचे मुख्य खाद्य झुडपांचे कोवळे शेंडे, रानवनस्पती व ओकची फळे हेच असते. दाट रानातील झाडे विरळ केल्यास जमिनीपर्यंत ऊन पोहोचून हा चारा वाढतो. हरणांची संख्या फार असल्यास लहान तुकडा वाढण्यापूर्वीच फस्त होतो.

ओझार्कमधील ‘ग्लेड’ नावाच्या उघड्या, खडकाळ माळांवर कोरडेपणाला सरावलेल्या स्थानिक वनस्पती व सरडे आढळतात. ही जागा मोकळी दिसली, तरी पडीक नसते. तेथे लागवड केल्यास हा अधिवास नष्ट होतो. त्यापेक्षा लाकूडतोडीच्या जुन्या वाटा किंवा पूर्वीची शेते निवडणे योग्य ठरते.

एका जागी हरणे जमल्याने ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ’ या प्रायॉनजन्य, असाध्य रोगाच्या प्रसाराची चिंताही व्यक्त होते. मिसूरीत शिकारीसाठी दाणे टाकून आमिष दाखवणे बेकायदेशीर आहे. उभ्या पिकाजवळ शिकार करण्यास मात्र परवानगी आहे. मात्र फूड प्लॉट हे अधिवासाचे संवर्धन की आमिषाचेच दुसरे रूप, याविषयी शिकाऱ्यांमध्येही मतभेद आहेत.