दारावर डकवलेला कागद

बेलिफ म्हटलं की लोकांना जप्तीच आठवते. पण त्याचं रोजचं काम त्याहून साधं. दिवाणी कोर्टाचं समन्स माणसाच्या हाती द्यायचं आणि दिल्याचं लिहून आणायचं. शहापूरला आणि मुरबाडला तालुक्याची कोर्टं आहेत. तिथून कागद निघतो तो डोळखांबकडे, टोकावड्याकडे, आणि पुढे वाट संपते तिथल्या पाड्यांवर.

आता अडचण बघा. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. झोपडीचं दार बंद. मग कागद द्यायचा कुणाला?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने याचा विचार केलाय बरं का! माणूस नसेल तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान व्यक्तीला द्या. पूर्वी ती व्यक्ती पुरुषच लागे. १९७६ च्या दुरुस्तीने बाईच्या हाती दिलेला कागदही चालू लागला. (फौजदारी समन्सला मात्र हे शहाणपण १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाल्यावर आलं!) घरात कुणीच नसेल, आणि माणूस वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर प्रत दारावर डकवायची. घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवलं, हे नावापत्त्यासह लिहायचं. या अहवालावर बेलिफाचं शपथपत्र नसेल, तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासायचं.

म्हणजे आपल्याकडे या कामाला वेगळा परवाना नाही. बेलिफ कोर्टाचाच नोकर, नाझराच्या हाताखालचा. कायद्याने लगाम घातला तो त्याच्या लिहिण्याला. २००२ पासून कुरिअरनेही समन्स पाठवता येतं, पण कुरिअर मान्यताप्राप्त यादीतलंच हवं.

न्यूयॉर्क शहरात उलट. तिथे हे काम खाजगी माणसं करतात, शहराचा परवाना घेऊन. तरीही कागद गटारात टाकून 'दिला' असं लिहिणाऱ्यांमुळे तिथे 'गटार-बजावणी' हा शब्दच रूढ झाला. शेवटी २०१० च्या कायद्याने त्यांच्यावर जीपीएसची नोंद सक्तीची केली. आपल्याकडेही आता बेलिफांसाठी एनस्टेप हे मोबाईल अ‍ॅप आलंय. कागद कुठे बजावला ती जागा त्यात नोंदली जाते.

चांगलंच आहे. पण जीपीएस सांगतो बेलिफ दारापर्यंत पोचल्याचं. कागद माणसापर्यंत पोचल्याचं नाही. जानेवारीत डकवलेला कागद जूनपर्यंत राहतो कुठे? तोवर 'बजावणी झाली' या दोन शब्दांवर दावा एकतर्फी चालतो, जमिनीचा हुकूमनामाही होतो. तो रद्द करून घ्यायला मुदत ३० दिवस. बजावणी रीतसर नव्हती असं ठरलं, तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण ते सिद्ध करायला वकील लागतो, आणि पुन्हा तालुक्याची खेप.

म्हणून मला त्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो घर दाखवणाऱ्या शेजाऱ्याचा. 'वाजवी वेळ' म्हणजे किती, हे पाड्यावर त्यालाच ठाऊक असतं. "कुठं गेलेत? कधी येणार?" हे दोन प्रश्न त्याला विचारून उत्तर कागदामागे लिहिलं, तर न्यायाधीशांना पुढची तारीख पावसाळ्यातली देता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, अ‍ॅपही नको.

असो. तुमच्याकडे कुणाच्या दारावर असा कागद दिसला, तर निदान वाचून त्याला निरोप तरी धाडा.