शिकारीचा परवाना

हौसेच्या शिकारीचा परवाना आपल्याकडे आता इतिहासजमा झाला आहे. परंतु ज्या विचारातून तो निघाला, तो विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात कित्येक पशुपक्षी अवध्य ठरविले. गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्यांना आणि सहा महिन्यांच्या आतील पिलांना त्याने अभय दिले. ठराविक तिथींना मासे मारण्यासही मनाई केली. विणीचा काळ राखावा, हेच त्याचे मर्म.

इंग्रजी अमदानीत हे तत्त्व कायद्याच्या भाषेत अवतरले. १८८७ साली विणीच्या हंगामात रानपक्ष्यांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची सोय झाली. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारीचा बंदकाळ जाहीर करण्याचा अधिकार दिला. पुढे स्वतंत्र भारतात १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही लहानमोठ्या शिकारीचे परवाने होतेच. परवानाधारकाने मारलेल्या जनावरांची नोंद ठेवावी, असा त्यात नियम होता. त्याच वर्षी देशभर वाघांची मोजदाद झाली, तेव्हा ते अवघे १,८२७ भरले. मेलेल्यांचा हिशेब नियमाने ठेवणाऱ्या आम्हां कारभाऱ्यांना उरलेल्यांची गणती करण्याचे सुचले, ते इतक्या उशिरा! १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपले. रानाच्या दृष्टीने आता बाराही महिने बंदकाळच आहे. तो पाळणे मात्र कागदाच्या नव्हे, आपल्या हाती आहे.