अक्षरांचा परवाना

१८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळीं अक्षरांचा व्यवहार सरळ होता. खिळे धातूचे, पैसे मोजले कीं ते घेणाऱ्याचे झाले, झिजले म्हणजे वितळवावे. त्यांची नक्कल करणें हें मात्र कसबी कारागिराचेंच काम असे. संगणकानें हा अडसर मोडला. सारीं वळणें एका लहानशा फाइलींत मावतात आणि तिची प्रत मुंबईंत काय किंवा बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवीं काय, क्षणांत निघते. म्हणून धातूच्या जागीं परवाना आला. फाइल हातीं असणें म्हणजे ती वाटण्याचा हक्क असणें नव्हे, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीकडून आलेले भारतीय लिपींचे फॉन्ट अमेरिकेच्या रेड हॅट कंपनीनें ‘लोहित’ या नांवानें सर्वांस खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नांवांतही तोच रंग आहे. परवाना होता ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं तो काढला, तो प्रोग्रॅमांसाठीं. वापरा, तपासा, बदला, वाटा. मात्र बदललेली वस्तु वाटाल तर तिचा मूळ आराखडाही त्याच अटींवर द्या. अट न्याय्यच. परंतु फॉन्ट पोटांत घेतलेलें पुस्तकही तिच्या कक्षेंत जाईल काय, अशी शंका निघाली. ती पोकळ नव्हती. कारण स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेंच फॉन्टांसाठीं निराळें अपवादाचें कलम सुचविलें.

सप्टेंबर २०११ मध्यें लोहित ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खालीं आणण्यांत आला. एसआयएल या संस्थेच्या या परवान्याची १.१ ही आवृत्ति २००७ ची. त्यांत ती शंका एका वाक्यांत मिटविली आहे: फॉन्टनें तयार केलेल्या लेखनास हा परवाना लागू नाहीं. लग्नपत्रिका छापा, पुस्तक विका, कोणास विचारावयास नको. नुसता फॉन्ट मात्र विकतां येत नाहीं. दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर चालतो. वळणें सुधारून वाटलीं तर तीं याच परवान्याखालीं राहतात, आणि कर्त्यानें नांव राखून ठेविलें असेल तर सुधारलेल्या फॉन्टास नवें नांव घ्यावें लागतें.

मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्टही याच परवान्याचा. अशा फॉन्टाबरोबर परवान्याची एक साधी मजकुराची फाइल येते. ती निरुपयोगी समजून पुसून टाकली तरी अक्षरें उमटतातच; पण फॉन्ट दुसऱ्यास देतांना कर्त्याच्या हक्काची सूचना व तो परवाना प्रत्येक प्रतीबरोबर गेलाच पाहिजे, नाहींपेक्षां दिलेली मोकळीक रद्द होते.