अठ्ठावीस वर्षांनंतरची ध्वनिमुद्रिका

'न्यू वेव्ह' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आठवेल. ब्रिटनमध्ये मात्र हे शब्द पंकच्या धुमाकुळानंतर आलेल्या संगीतासाठी वापरतात. पंकचा धीटपणा ठेवायचा, पण आरडाओरड्याऐवजी चाल, सिंथेसायझर आणि थोडी उदासी आणायची, असा तो प्रकार. ही कथा तसल्याच एका बँडची आहे. तो लंडनचा नव्हे, आपल्या नॉटिंगहॅमच्या उत्तरेला चौदा मैलांवरच्या मॅन्सफील्डचा.

मॅन्सफील्ड हे कोळशाच्या खाणींवर जगणारे गाव. १९६४ साली तिथली प्रवासी रेल्वे बंद झाली आणि एवढे मोठे गाव आगगाडीविना राहिले. अशा ठिकाणी १९७९ साली स्टीव्ह होव्हिंग्टन, पॉल स्टॅथम आणि ग्रॅहम बॉफी या तीन पोरांनी बँड काढला. थोड्याच दिवसांत कीबोर्ड घेऊन रिक हॉलिडे त्यांना येऊन मिळाला. नाव ठेवले 'बी-मूव्ही'. पूर्वी मुख्य चित्रपटाच्या जोडीला जो दुय्यम, स्वस्तातला चित्रपट दाखवीत, तो बी-मूव्ही. नावात एवढे भविष्य दडलेले असेल याची त्यांना तेव्हा कल्पना नसावी.

माझ्यातल्या इंजिनियरला या संगीताचे कुतूहल आहे ते एका कारणासाठी. सत्तरीच्या सुरुवातीला सिंथेसायझर ही श्रीमंत कलावंतांची चैन होती. दशक संपता संपता जपानी कंपन्यांनी ते यंत्र सामान्य पोरांच्या आवाक्यात आणले. त्यातल्या स्वस्त यंत्रांवर एका वेळी एकच सूर वाजे. पण त्या मर्यादेतूनच लांबट, एकाकी सुरांची ती खास शैली जन्मली. वाद्य स्वस्त झाले आणि खाणीच्या गावातूनही नवे संगीत निघू लागले.

१९८० साली लिंकनच्या 'डेड गुड' या छोट्या कंपनीने त्यांचे 'नोव्हेअर गर्ल' हे गाणे काढले. १९८१ च्या सुरुवातीला 'सम बिझार अल्बम' या संग्रहात त्यांचे एक गाणे आले. त्याच तबकडीवर डेपेश मोड, सॉफ्ट सेल आणि द द हे तेव्हाचे अनोळखी गट होते. पुढचा किस्सा प्रसिद्ध आहे. फोनोग्राम या बड्या कंपनीला हवा होता तो बी-मूव्ही. त्यांचा व्यवस्थापक स्टीव्हो याने अट घातली, की सॉफ्ट सेललाही सोबत घ्यावे लागेल. कंपनीने ते वरकड म्हणून घेतले. त्याच वर्षी सॉफ्ट सेलचे 'टेन्टेड लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. बी-मूव्हीचे 'रिमेंब्रन्स डे' ६१ व्या क्रमांकावर थांबले, तर १९८२ मध्ये पुन्हा काढलेले 'नोव्हेअर गर्ल' ६७ व्या. ज्याच्यासाठी सौदा झाला तो बाजूला राहिला आणि वरकड घेतलेला राजा झाला.

इथे त्या काळच्या व्यवहाराची रीत सांगायला हवी. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देई, पण ती बक्षीस नसे. बँडच्या पुढच्या हिश्श्यातून ती वळती होई. स्टुडिओचे भाडे भरमसाट, त्यामुळे कंपनीच्या पैशाशिवाय पूर्ण अल्बम करणे जवळजवळ अशक्य. एकेरी गाणे चालले नाही की अल्बम लांबणीवर. बी-मूव्हीचा पहिला स्टुडिओ अल्बम 'फॉरेव्हर रनिंग' निघाला तो थेट १९८५ साली, अमेरिकेच्या 'सायर' कंपनीकडून. तोवर रिक हॉलिडे बाहेर पडला होता. म्हणजे ज्या चौघांमुळे नाव झाले, त्या चौघांचा अल्बम कधी झालाच नाही. लवकरच बँडही मोडला.

त्याच वर्षी मार्चमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप संपला. पुढच्या काळात परगण्यातल्या खाणी एकामागून एक मिटल्या. १९९५ साली 'रॉबिन हूड लाइन'वरून मॅन्सफील्डला पुन्हा प्रवासी गाडी आली, एकतीस वर्षांनी. पॉल स्टॅथम दुसऱ्यांसाठी गाणी रचीत राहिला. डायडोचे 'हिअर विथ मी' आपण अनेकांनी ऐकले असेल. त्याच्या तीन रचनाकारांपैकी एक हा मॅन्सफील्डचा गिटारवाला. 'नोव्हेअर गर्ल' मात्र मेले नाही. क्लबांमधून आणि जुन्या गाण्यांच्या संग्रहांमधून ते फिरत राहिले. पुढे यूट्यूबवर ते तीस वर्षांनी लहान असलेल्या श्रोत्यांनाही सापडले.

आणि २०१३ साली 'द एज ऑफ इल्यूजन' आला. अठ्ठावीस वर्षांनंतरचा स्टुडिओ अल्बम. मूळच्या चौघांचा पहिलाच. तोवर पूर्वी स्टुडिओ लागे ते काम घरच्या संगणकावर होऊ लागले होते, आणि श्रोत्यापर्यंत पोचायला बड्या कंपनीची परवानगी लागत नव्हती. ज्या तंत्राने तबकड्यांचा धंदा बुडवला, त्याच तंत्राने या पन्नाशीच्या मंडळींना राहिलेले काम पुरे करू दिले. २०१६ साली 'क्लायमेट ऑफ फिअर' हा आणखी एक अल्बम निघाला. त्यांना ना मोठी कीर्ती मिळाली, ना कोणी सोन्याची तबकडी दिली. म्हणून पुनरागमनाला 'गेलेली कीर्ती परत मिळवणे' म्हणावे असे मला वाटत नाही. हे बाकी ठेवलेले येणे चुकते करणे आहे.

आपल्या मुंबईतही असे घडले आहे. 'रॉक मशीन' म्हणून १९८४ साली सुरू झालेला आणि पुढे 'इंडस क्रीड' झालेला बँड. त्यांचा १९९५ नंतरचा अल्बम 'इव्हॉल्व्ह' आला २०१२ साली. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर तेव्हाही त्यात होते. त्यांचे संगीत वेगळे, पण प्रश्न तोच: तरुणपणी एकमेकांशी जुळलेले सूर संसार, नोकरी आणि देशांतर यांतून टिकतात का?

हा प्रश्न मला परका नाही. इंजिनियरिंग कॉलेजात आमचा चौघांचा वाद्यवृंद होता. स्वतःच बांधलेली एक चाल गॅदरिंगपूर्वी पुरी झाली नाही, आणि मग एकेकाला नोकऱ्या लागल्या. 'पुढच्या सुट्टीत भेटू' असे आम्ही वीस वर्षे म्हणत आलो. गेल्या वर्षी आमचा तबलजी गेला. मॅन्सफील्डच्या त्या चौघांचा मला हेवा वाटतो तो गाण्यासाठी नाही. अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी एकमेकांना हाक मारली तेव्हा चौघेही 'ओ' द्यायला होते, यासाठी.

परवा हार्मोनियम माळ्यावरून खाली काढली. भाता फाटला आहे. पण सूर अजून लागतो. उरलेल्या दोघांना त्याच रात्री फोन केला.