पावकी-निमकी गेली, सोबत उजळणीही गेली

बोर्डाची परीक्षा जवळ आली की वडीगोद्रीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "वाच रे, वाच!" लेकरू वाचतंही. तोच धडा चार-चार वेळा, हातात हायलायटर घेऊन. पेपरात मात्र आठवत नाही. मग आपण म्हणतो, याला डोकंच नाही. दोष बऱ्याचदा डोक्याचा नसतो, पद्धतीचा असतो. आणि बरी पद्धत आपल्याकडं जुन्या काळी होती.

1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. चलन हाली सिक्का, रुपयाचे 16 आणे. मापं शेर, पावशेर, मण. अशा बाजारात सव्वा, दीड, अडीचचा हिशेब तोंडी आला नाही तर माणूस फसायचाच. म्हणून पंतोजींच्या शाळेत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचे पाढे) पाठ करून घेत.

कसं करून घेत, ते महत्त्वाचं. धुळपाटीवर अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा मनातून काढायचं. दिवेलागणीला परवचा. समोर काही न ठेवता पाढे मोठ्यानं म्हणायचे. चुकलं की घरातलं मोठं माणूस तिथंच थांबवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. याला नावच उजळणी, काळवंडलेलं भांडं घासून पुन्हा लख्ख करावं तसं.

आता शास्त्र काय म्हणतं बघा. 1885 साली जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं आधी भराभर विसरतं, आणि उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केली तर कमी कष्टात टिकते. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी सुरुवातीला वाचला, मग न बघता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांना सुमारे 40 टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 60 टक्के. म्हणून वाचताना "येतंय की सगळं" असं वाटतं, ते फसवं असतं. 2013 मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी आणि अंतरानं उजळणी सगळ्यात वर, अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला.

मग आपलं बिनसलं कुठं? 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले. पावकी-औटकीची गरज संपली, ते बरोबरच झालं. पण पाढ्यांसोबत परवचाही घरातून गेला. हिशेब बदलला म्हणून आपण पद्धतही टाकून दिली.

जुनं सगळं सोनं नव्हतं. छडी होती, अर्थ न सांगता घोकून घेणं होतं, आणि पोरींना, दलितांना त्या शाळेचं दार बंद होतं. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यातही अक्षरओळख नसलेल्या कितीतरी माळकऱ्यांना हरिपाठ तोंडपाठ होता, कारण तो रोज म्हटला जायचा. म्हणजे ही पद्धत कुण्या एका जातीची मक्तेदारी नाही.

तेव्हा करायचं एवढंच. धडा आधी समजून घ्यायचा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. उघडून चुका बघायच्या. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. आईबापाला वाचता येत नसलं तरी चालतं. "आज काय शिकलास, पुस्तक न बघता सांग" एवढं विचारायला शिक्षण लागत नाही.

लातूरच्या क्लासची फी प्रत्येकाला परवडत नाही. दिवेलागणीची वीस मिनिटं मात्र प्रत्येक घरात निघतात. आपल्या ओळखीत दहावी-बारावीचं लेकरू असेल तर त्याच्या घरी हे नक्की सांगा.